धनुष्याची पारख

इ. स. १५४५ हें वर्ष धनुर्विद्येच्या इतिहासांत मोठें योगायोगाचें आहे. केंब्रिजच्या विद्यापीठांत ग्रीक शिकविणाऱ्या रॉजर ॲशम नांवाच्या तरुण पंडितानें त्या वर्षीं 'टॉक्सोफिलस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आठव्या हेन्री राजास तो ग्रिनिच येथें नजर केला. राजा स्वतः धनुष्याचा शोकी. त्यानें प्रसन्न होऊन ग्रंथकारास सालिना दहा पौंडांचें वर्षासन बांधून दिलें. त्याच वर्षीं जुलैच्या १९ तारखेस त्याच राजाच्या डोळ्यांदेखत 'मेरी रोझ' हें त्याचें लढाऊ जहाज पोर्ट्समथच्या तोंडाशीं समुद्रांत बुडालें. चारशें सदतीस वर्षें तें चिखलांत रुतून पडलें होतें. १९८२ सालीं जेव्हां त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला, तोंवर त्याच्या पोटांतून १३७ अखंड धनुष्यें आणि साडेतीन हजारांवर बाण हातीं आले होते. धनुष्य कसें निवडावें हें एका माणसानें त्या वर्षीं लिहून ठेविलें, आणि त्या काळीं प्रत्यक्ष कोणतीं धनुष्यें निवडलीं जात हें त्याच वर्षीं समुद्रानें जपून ठेविलें. ग्रंथ आणि वस्तु यांची अशी एकवर्षी जोडी इतिहासांत फार थोड्या विषयांना लाभली असेल.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. २०२३ सालीं बर्लिन येथें जागतिक धनुर्विद्या स्पर्धा झाल्या, त्यांत कंपाउंड धनुष्याच्या प्रकारांत साताऱ्याची आदिती गोपीचंद स्वामी आणि नागपूरचा ओजस प्रवीण देवतळे हे दोघे वैयक्तिक जगज्जेते ठरले. आदिती तेव्हां अवघी सतरा वर्षांची होती. ओजसनें अंतिम सामन्यांत पंधरा बाणांचे पुरे दीडशें गुण मिळविले. तेव्हांपासून आमच्याकडील कित्येक घरांत मुलें 'मलाहि धनुष्य हवें' म्हणून हट्ट धरूं लागलीं आहेत, आणि आईबाप दरपत्रकें पुढें घेऊन बसूं लागले आहेत. स्पर्धेच्या योग्यतेचें धनुष्य लाख रुपयांच्या पलीकडे सहज जातें. दरपत्रकांत आंकड्यांची गर्दी असते. कोणता आंकडा कामाचा आणि कोणता केवळ दुकानाच्या शोभेचा, हें मात्र दरपत्रक सांगत नाहीं. धनुष्य घेण्यापूर्वीं तें दुसऱ्याशीं ताडून कसें पाहावें हा प्रश्न फार जुना आहे, आणि जुन्या लोकांनीं त्याचीं दिलेलीं उत्तरें वाचलीं म्हणजे आजच्या दरपत्रकावरहि थोडा प्रकाश पडतो, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ॲशमकडेच वळूं. त्याच्या काळीं इंग्लंडांत उत्तम धनुष्य म्हणजे यू वृक्षाचें. हिमालयांत या जातीच्या झाडास थुनेर म्हणतात. या लांकडाची गंमत अशी कीं, सालीलगतचा पांढरा थर ताण सोसतो आणि आंतील तांबूस गाभा दाब सोसतो. दोन्ही थर ठेवून काठी काढली कीं निसर्गानेंच दोन पदार्थ सांधून दिल्यासारखें होतें. इंग्लंडांतील यू अपुरा पडे, म्हणून १४७२ च्या कायद्यानें परदेशांतून येणाऱ्या व्यापाऱ्यांनीं मालाच्या दर टनामागें चार धनुष्यकाठ्या आणल्याच पाहिजेत असा दंडक घातला. १४८२ सालीं यूच्या धनुष्याची कमाल किंमत ३ शिलिंग ४ पेन्स ठरविण्यांत आली. कायद्यानें भाव बांधला म्हणजे माल बिघडतो हें आम्ही आपल्या काळांत पुष्कळ पाहिलें आहे. ॲशमच्या ग्रंथांतहि कच्च्या लांकडाचीं धनुष्यें घाईघाईनें करून विकणाऱ्या कारागिरांविषयीं तक्रार आहेच. निकृष्ट धनुष्य एकदां मोडण्यापेक्षां उत्तम धनुष्याची दुप्पट किंमत मोजलेली बरी, अशा अर्थाचा त्याचा कौल आहे.

दुकानांत शिरल्यावर काय पाहावें हें तो थोडक्यांत सांगतो. धनुष्य घेरानें बारीक, लांबीनें भरपूर, हातास जड आणि ताकदीचें असावें. सरळ असावें, पीळ पडलेलें नसावें. गांठ, चीर, डाग, दबलेली जागा नसावी. परंतु त्याचें खरें शहाणपण याच्या पुढें आहे. दुकानांत दिसतें तें निम्मेंच, असें तो धरून चालतो. धनुष्य विकत घ्यावें, मैदानावर न्यावें, जड बाण लावून चांगलें वापरावें आणि कोठें अधिक वांकतें तें नीट पाहावें. कारण जेथें अधिक वांकतें तेथेंच पुढें मोडावयाचें. आणि मग, लांकूड चांगलें आहे अशी खात्री पटल्यावर, तें पुन्हां भरंवशाच्या कारागिराकडे न्यावें. त्यानें तें थोडें आंखूड करावें, तासावें, आणि ओढलें असतां सर्वत्र सारख्या गोलाईनें वळेल असें करून द्यावें. म्हणजे ॲशमच्या मतें खरेदी ही एका फेरीची गोष्टच नव्हे. पहिल्या फेरींत लांकूड घ्यावयाचें, दुसऱ्या फेरींत धनुष्य.

लहान मुलांविषयींचा दाखला ॲशमच्या समकालीन ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकानें दिला आहे. १५४९ सालीं सहाव्या एडवर्डपुढें प्रवचन करतांना त्यानें आपल्या बापाची आठवण सांगितली: बाप शेतकरी, त्यानें मुलास त्याच्या वयाप्रमाणें व शक्तीप्रमाणें धनुष्यें घेऊन दिलीं, आणि मुलगा वाढत गेला तसतशीं धनुष्येंहि मोठीं होत गेलीं. नुसत्या दंडाच्या जोरानें ओढूं नये, सारें अंग धनुष्यांत घालावें, हेंहि बापानेंच शिकविलें. मूल वाढेल म्हणून दोन मापें मोठा सदरा शिवून घेण्याची आमच्या घरांतील चाल आहे. ती धनुष्यास लावूं नये, एवढें तरी या शेतकऱ्यापासून शिकण्यासारखें आहे.

आतां 'मेरी रोझ'कडे. कॅलिफोर्नियांतील सॅक्स्टन पोप या शस्त्रवैद्यानें १९२३ सालीं धनुष्यांच्या तुलनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. या गृहस्थास धनुष्याचा नाद लावला तो याही जमातीच्या इशी नांवाच्या शेवटच्या माणसानें. इशी १९११ सालीं रानांतून बाहेर आला व १९१६ सालीं वारला. पोप त्याचा वैद्यहि होता आणि शिष्यहि. संग्रहालयांतील नाना देशांचीं धनुष्यें, आणि जेथें अस्सल वापरणें शक्य नव्हतें तेथें त्यांच्या नकला, त्यानें एकामागून एक ओढून पाहिल्या, किती पौंडांची ओढ आणि किती यार्डांची मजल हें टिपून ठेविलें. धनुष्यें शेजारीं शेजारीं ठेवून तीं एकाच मापानें मोजण्याचा हा आरंभीचा नामांकित प्रयत्न होय. 'मेरी रोझ'वरून एकोणिसाव्या शतकांत पाणबुड्यांनीं वर आणलेल्या एका धनुष्याबरहुकूम त्यानें एक नक्कल केली. तिची ओढ शंभर पौंडांच्या आंतच भरली, आणि त्या वेळच्या लोकांस तेंच पटलें. माणूस याहून अधिक तें काय ओढणार? परंतु १९८२ नंतर १३७ धनुष्यें अभ्यासकांपुढें आलीं तेव्हां हिशेब बदलला. सहा फुटांहून लांब अशा या काठ्यांची ओढ १०० पासून १८५ पौंडांपर्यंत असावी असें अनुमान निघालें. त्याच जहाजावर सांपडलेल्या सांगाड्यांपैकीं कित्येकांच्या खांद्याच्या हाडाचें टोंक मूळ हाडाशीं सांधलें गेलेलेंच नव्हतें. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असा तर्क आहे. धनुष्य माणसाच्या मापाचें करीत हें खरें, पण माणूसहि धनुष्याच्या मापाचा केला जात असे.

आमच्या इकडील ग्रंथांत ही पारख कशी आली आहे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणीं ताल, चाप, दारव आणि शार्ङ्ग, म्हणजे ताड, वेळू, लांकूड आणि शिंग, अशा चार द्रव्यांचीं धनुष्यें सांगितलीं आहेत, आणि कार्मुक, कोदंड, द्रूण, धनुष् हीं त्यांचीं नांवें दिलीं आहेत. कोदंडधारी आणि शार्ङ्गपाणि हीं नांवें आपण रोज देवापुढें घेतों. परंतु त्यांपैकीं दुसऱ्याचा अर्थ शिंगाचें धनुष्य हातीं धरणारा असा आहे, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. दोरीचींहि सहा द्रव्यें तेथें आहेत: मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायु. हा कोठारावरच्या अधिकाऱ्याचा दृष्टिकोन आहे. त्यास जिन्नस ओळखून नोंदून घ्यावयाचा असतो, स्वतः बाण मारावयाचा नसतो.

धनुर्धराचा दृष्टिकोन अग्निपुराणांतील धनुर्वेदांत आणि १३६३ सालच्या शार्ङ्गधरपद्धतींत आढळतो. पायदळाच्या माणसास चार हातांचें धनुष्य श्रेष्ठ, साडेतीन हातांचें मध्यम आणि तीन हातांचें कनिष्ठ, असें अग्निपुराण म्हणतें. येथें हात हें माप आहे हें ध्यानांत धरावें. चार हातांच्या लांबीस 'धनु' असेंच नांव आपल्या जुन्या मापांत आहे, आणि पुरुषाच्या उंचीशीं त्याची सांगड घातलेली आहे. वेळूचें धनुष्य करावयाचें तर तो शरद् ऋतूंत तोडलेला असावा. हा नियम आजचा कोणताहि बुरूड मान्य करील, कारण पावसाळ्यांत तोडलेला वेळू पाण्यानें भरलेला असतो आणि त्यास कीड लवकर लागते. हत्तीवरील व घोड्यावरील स्वारानें शिंगाचें आंखूड धनुष्य घ्यावें, रथी व पदाति यांनीं वेळूचें घ्यावें, हा विवेकहि या ग्रंथांत आहे. म्हणजे 'कोणतें धनुष्य चांगलें' या प्रश्नाआधीं 'कोठून सोडावयाचें' हा प्रश्न आमच्या ग्रंथकारांनीं विचारला आहे.

दोषांच्या यादींत मात्र सरमिसळ आहे. कोंवळ्या वेळूचें धनुष्य मोडतें, अतिजीर्ण वेळूचें ताठर होतें, भोंक असलेलें रणांत घात करतें, येथवर सर्व अनुभवाचें आहे. पण जळक्या वेळूचें धनुष्य घर जाळतें, दुसऱ्या वेळूशीं घांसलेलें भाऊबंदकी लावतें, अशींहि कलमें त्यांत आहेत. पेऱ्यांची संख्या विषम असावी हेंहि त्यांतलेंच. भाऊबंदकी लावण्यास धनुष्याची गरज पडते असें निदान आमच्या प्रांतांत तरी कोणी म्हणणार नाहीं. तथापि या परंपरेंत एक वचन लाख मोलाचें आहे. धनुष्य धनुर्धराच्या शक्तीहून किंचित् हलकें असावें, कारण धनुष्याच्या ओढीनेंच जो पीडला जातो त्याला लक्ष्य दिसत नाहीं, असा त्याचा आशय आहे. आजच्या मैदानावर शिक्षक जें दिवसांतून दहा वेळां सांगतो तें हेंच.

शिंगाच्या धनुष्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे. लांकडाची पातळ कांब मध्यें, तिच्या पोटाकडच्या बाजूस म्हशीच्या शिंगाची पट्टी, पाठीकडच्या बाजूस जनावराच्या स्नायूंचे तंतु, आणि सर्व सांधण्यास सरस. शिंग दाब सोसतें, स्नायु ताण सोसतात. यूच्या काठींत निसर्गानें जें केलें तेंच येथें माणसानें, पण पुष्कळ अधिक सामर्थ्यानें केलें. तुर्कांचे कमानगर एकेका धनुष्यास वर्षभर किंवा त्याहून अधिक वेळ देत, कारण सरसाचा प्रत्येक थर सावकाश वाळूं द्यावा लागे. असें धनुष्य दोरी काढल्यावर उलट्या बाजूस वळतें, आणि आंखूड असूनहि फार लांब ओढतां येतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील तुर्की वकिलाचा चिटणीस महमूद एफेंदी यानें इंग्रज धनुर्धरांसमक्ष चारशें यार्डांच्या पलीकडे बाण टाकून दाखविला, तेव्हां पाहणारे थक्क झाले. आपल्या लांब काठीचा ज्यांस पिढ्यान् पिढ्या अभिमान, त्यांस ही तुलना थोडी झोंबलीच असेल.

पण शिंगाच्या धनुष्यास जपावें लागतें. सरसास ओल सोसत नाहीं, आणि शिंगास कीड लागते. होमरच्या 'ओडिसी'त वीस वर्षांनीं घरीं परतलेला ओडिसियस आपलें जुनें धनुष्य हातीं घेतो, तेव्हां तो तें लगेच ओढीत नाहीं. इकडून तिकडे फिरवून प्रथम शिंगास कीड तर लागली नाहीं ना हें पाहतो. भोंवतालचे दांडगट त्यावर थट्टा करतात कीं, हा भिकारी धनुष्यांचा मोठा पारखी दिसतो! आपल्या पुराणांतील स्वयंवरांत धनुष्य उचलण्याची शर्यत असते. तपासण्याचें कोणास सुचत नाहीं. होमरचा वीर मात्र जुन्या मालाच्या गिऱ्हाइकाप्रमाणें सावध आहे, आणि आम्हांस तो त्यामुळेंच अधिक खरा वाटतो.

हिंदुस्थानांत पावसाळ्याचे चार महिने हें संकट दर वर्षींचें. मोगल अमदानींत आणि पुढेंहि येथें पोलादी कमानी होत असत, त्याचें एक कारण हेंच समजतात: पोलादाची कमान मजल थोडी कमी देते, पण कोठारांत वर्षानुवर्षें पडून राहिली तरी सरसासारखी उकलत नाहीं. धातूचें धनुष्य माणसाच्या शक्तीपलीकडचें म्हणून ॲशमनें तें बाजूस सारलें होतें. हिंदी लोहारांनीं तें मनुष्याच्या आटोक्यांत आणलें. आणि सातपुड्यांतील भिल्लाची तीरकामठी या दोहोंपेक्षां साधी: कामठीहि वेळूची आणि पुष्कळदां दोरीहि वेळूच्याच चिपेची. ओली झाली तरी तिचें बिघडत नाहीं, मोडली तर रानांत दुसरी उभीच आहे. मजलेंत ती तुर्की धनुष्यापुढें टिकणार नाहीं. पण भिल्लास चारशें यार्ड हवेच होते कोठें?

तुलनेंत माणूस किती चुकूं शकतो याचें उदाहरण १५९० सालच्या इंग्लंडांत सांपडतें. त्या वर्षीं सर जॉन स्माइथ यानें लांब धनुष्य बंदुकीहून श्रेष्ठ असल्याचें ग्रंथ लिहून प्रतिपादिलें, आणि त्याच वर्षीं सर रॉजर विल्यम्स यानें पांचशें बंदुकवाले पंधराशें तिरंदाजांस भारी आहेत असा उलट निर्वाळा दिला. स्माइथ म्हणे, धनुष्य भरभर सुटतें, पावसांत वातीसारखें विझत नाहीं, स्वस्त पडतें. तें सर्व खरें होतें. पण विल्यम्सनें हत्यार पाहिलें नाहीं, माणसें पाहिलीं. कांहीं महिने छावणींत उपास काढलेल्या तिरंदाजांपैकीं जोरानें ओढणारे किती उरतात, हा त्याचा प्रश्न होता. जड धनुष्य ओढणारा माणूस घडण्यास लॅटिमरच्या बापासारखा बाप लागतो आणि पंधरा वर्षें लागतात; बंदुकवाला कांहीं आठवड्यांत तयार होतो. १५९५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें शिक्षित पथकांतून धनुष्यें काढून टाकण्याचा हुकूम केला. तोंवर ॲशमचा ग्रंथ निघून पन्नास वर्षें झालीं होतीं.

यानंतर यूरोपांत धनुष्य खेळाची वस्तु झालें, आणि खेळाच्या वस्तूकडे शास्त्रज्ञांचें लक्ष जावयास विसावें शतक उजाडलें. १९३० च्या सुमारास अमेरिकेंत क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉप्स्टेग या पदार्थविज्ञानवेत्त्यांनीं बाणाची गति, धनुष्याची ओढ आणि दोहोंचा संबंध प्रयोगानें मोजला. क्लॉप्स्टेगनें तर तुर्की धनुष्यावर १९३४ सालीं स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. त्यांच्या विवेचनांतील मुख्य गोष्ट सोपी आहे. धनुष्य किती पौंडांचें हा आंकडा एकटा निरुपयोगी असतो. ओढतांना प्रत्येक इंचास किती पौंड लागले याची रेघ काढली पाहिजे, आणि त्या रेघेखालीं जेवढी जागा तेवढी शक्ति धनुष्यांत सांठली. समजा, सरळ काठीचें धनुष्य शेवटीं ६० पौंड ओढतें आणि दोरी २० इंच मागें येते. ओढ शून्यापासून सारखी चढत गेली, म्हणून सरासरी ३० पौंड. ३० गुणिले २० म्हणजे ६०० इंच-पौंड, अर्थात् ५० फूट-पौंड. आतां जें धनुष्य आरंभींच ५०-५५ पौंडांवर चढून बसेल आणि बराच वेळ तेथेंच राहील, तें शेवटच्या ६० पौंडांत त्याच्याहून पुष्कळ अधिक सांठवील. शिंगाच्या धनुष्याचें इंगित हेंच होतें; तें आधींच उलटें वळलेलें असल्यामुळें पहिल्या इंचापासून नेटानें ओढून धरतें.

ही रेघ आणखी फुगवावी आणि शेवटीं एकदम खालीं आणावी, ही कल्पना मिसूरी संस्थानांतील हॉलेस विल्बर ॲलन नांवाच्या शिकारी गृहस्थास सुचली. त्यानें एका वळणदार धनुष्याचीं टोंकें कापून तेथें चाकें बसविलीं, चाकांचा आंस मध्यावर न ठेवतां एका बाजूस सरकविला, आणि दोऱ्या त्यांवरून ओढून घेतल्या. जून १९६६ मध्यें त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला व डिसेंबर १९६९ मध्यें तें त्यास मिळालें. टॉम जेनिंग्ज या धनुष्यकारानें ही युक्ति उचलून धरली आणि असलीं धनुष्यें बाजारांत आणलीं. इंग्रजींत त्यास कंपाउंड धनुष्य म्हणतात. शिंग-स्नायूंच्या धनुष्याशीं या नांवाचा घोंटाळा करूं नये. चाक फिरूं लागलें कीं ओढ झपाट्यानें चढते, कांहीं काळ माथ्यावर राहते, आणि दोरी गालाशीं येते तेव्हां कोसळते. ६० पौंडांचें धनुष्य शंभरांत पंचाहत्तर सूट देणारें असेल तर निशाण धरतेवेळीं हातावर अवघे १५ पौंड उरतात, आणि सांठा मात्र आमच्या वरील उदाहरणांतील ५० फूट-पौंडांच्या सहज दीडपट होतो. धनुष्यानें पीडलेल्यास लक्ष्य दिसत नाहीं म्हणणाऱ्या आमच्या जुन्या आचार्यांस हें चाक दाखविलें असतें तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. शुद्धतावादी धनुर्धरांनीं तेव्हां नाकें मुरडलीं आणि अजूनहि मुरडतात. आमच्या मतें ज्यानें पहिल्यांदा लांकडास शिंग चिकटविलें त्यालाहि कोणीतरी असेंच म्हटलें असेल.

पण या सोयीबरोबर एक बंधन आलें, आणि गिऱ्हाइकानें तुलना करतांना प्रथम तेंच पाहावें. साधें धनुष्य उंच माणूस लांब ओढतो, ठेंगणा आंखूड ओढतो. तेंच धनुष्य दोघांनाहि चालतें. कंपाउंड धनुष्याची ओढीची लांबी त्याच्या चाकांतच ठरलेली असते. चाक फिरून थांबलें कीं दोरी पुढें येत नाहीं, आणि तेथवर न आणली तर सूट मिळत नाहीं. म्हणून दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोंकापासून टोंकापर्यंत इंच मोजावे व त्यांस अडीचनें भागावें. येणारा आंकडा ही ओढीची अजमासें लांबी. ६४ इंच भरले तर साडेपंचवीस इंचांच्या वर थोडी. अग्निपुराणाचें हाताचें माप अशा रीतीनें दुकानांत परत आलें आहे. पुष्कळ धनुष्यें सव्वीस-सत्तावीस इंचांखालीं उतरतच नाहींत. तीं कितीहि नामांकित असलीं तरी अशा मुलीच्या उपयोगाचीं नाहींत.

दरपत्रकाच्या माथ्यावर सर्वांत ठळक छापलेला आंकडा वेगाचा असतो: सेकंदास ३३० फूट, ३४० फूट. हा आंकडा खोटा नसतो, पण तो कोणाचा हें पाहावें. ७० पौंडांची ओढ, ३० इंचांची लांबी आणि ३५० ग्रेनचा हलका बाण, या मानानें तो काढलेला असतो. ३० इंच ओढणारा पुरुष चांगला सहा फुटांवर उंच असतो. ओढ एका इंचानें कमी झाली कीं सुमारें १० फूट वेग जातो. सव्वीस इंचांवर ३३० चे २९० च झाले, आणि ओढीचे पौंड उतरले म्हणजे आणखी उतार. जागतिक स्पर्धांच्या नियमांत तर ६० पौंडांच्या वर ओढ चालतच नाहीं. तेव्हां दोन धनुष्यांचे छापील वेग शेजारीं ठेवून दहा फुटांच्या फरकासाठीं वीस-पंचवीस हजार अधिक मोजणारा मनुष्य दुसऱ्याच कोणाच्या अंगाचा सदरा विकत घेतो.

वेग मिळविण्याची जी किंमत द्यावी लागते तीहि दरपत्रकांत असते, पण लहान अक्षरांत. मुठीपासून ताणलेल्या दोरीपर्यंतचें अंतर कमी केलें कीं बाण दोरीवर अधिक काळ राहतो आणि वेग वाढतो. परंतु त्या अधिक काळांत हाताची चूकहि बाणास लागते. सहा इंचांचें अंतर वेगवान्, सात-सवासात इंचांचें क्षमाशील. वरच्या व खालच्या आंसांमधील लांबी ३० ते ३३ इंच असली तर धनुष्य झुडपांतून वागविण्यास सोपें, म्हणून शिकाऱ्याचें. ३७ पासून ४० इंच असली तर तें मैदानावर स्थिर उभें राहतें आणि दोरीचा कोन चेहऱ्याजवळ फार तीव्र होत नाहीं. आमच्या देशांत शिकारीस बंदी असल्यामुळें पहिला प्रकार येथें घेण्यांत अर्थ नाहीं. तरीहि तो स्वस्त दिसतो म्हणून घेणारे घेतात. ५० मीटरवरील ८० सेंटिमीटरच्या निशाणास वेगाची फारशी तहान नाहीं. तेथें बाण प्रत्येक खेपेस त्याच जागीं जाणें, एवढेंच हवें असतें.

चाकाच्या आकाराचीहि तीच कथा. उग्र आकाराचें चाक ओढीस आरंभींच खडा चढ देतें आणि शेवटीं एकदम पाडतें. दोरी जराशी ढिली पडली कीं धनुष्य हातांतून पुढें हिसका घेतें. सौम्य चाक थोडा सांठा सोडतें पण वळण गुळगुळीत ठेवतें. हें कागदावर समजत नाहीं, तें ओढूनच पाहावें लागतें. आणि ओढतांना बाण लावल्याशिवाय दोरी कधींहि सोडूं नये, नाहींतर सांठलेली सर्व शक्ति धनुष्याच्याच अंगावर उलटते आणि चाकें, भुजा, दोऱ्या एका क्षणांत निकामी होतात. दुकानांतील गंमतींत अशीं किती धनुष्यें गेलीं असतील याची गणती नाहीं.

शरीराच्या मापाचें धनुष्य म्हणजे काय याचें अलीकडचें उदाहरण जम्मू प्रांतांतील शीतलदेवीचें आहे. तिला जन्मतःच दोन्ही बाहु नाहींत. ती पायानें धनुष्य पेलते आणि खांद्याशीं जोडलेल्या साधनानें दोरी मागें आणते. २०२४ सालीं पॅरिसच्या पॅरालिंपिक स्पर्धेंत राकेश कुमार याच्याबरोबर तिनें मिश्र जोडीचें कांस्यपदक मिळविलें, तें कंपाउंड धनुष्यानेंच. चाकाची सूट नसती तर निशाण साधेपर्यंत पूर्ण ओढ त्या रीतीनें पेलणें किती अवघड झालें असतें, हें कोणासहि कळेल. ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धांत मात्र या धनुष्यास इतकीं वर्षें दार बंद होतें. तें १९७२ पासून तेथें खेळल्या जाणाऱ्या वळणदार धनुष्याचेंच राज्य होतें. २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धेंत कंपाउंडच्या मिश्र जोडीचा समावेश करण्याचें २०२५ सालीं ठरलें आहे.

राहतां राहिली ॲशमची दुसरी फेरी. नव्या धनुष्याच्या दोऱ्या कांहीं शें बाणांनंतर ताणतात, दोन्ही चाकांचा मेळ किंचित् ढळतो, आणि मुलाची उंची वर्षभरांत इंचभर वाढली असते. कांहीं धनुष्यांत ओढीची लांबी किल्लीनें स्क्रू सैल करून बदलतां येते. कांहींत चाकाचा तुकडाच बदलावा लागतो. आणि दोरी काढावयाची तर दोन्ही भुजा दाबून धरणारें एक यंत्र लागतें, तें घरीं नसतें. म्हणून दोन धनुष्यांत गुण सारखे वाटले तर जें दुकान सहा महिन्यांनीं तें परत घेऊन, त्या यंत्रावर चढवून, चाकें सारखीं करून देईल त्याच दुकानाचें धनुष्य घ्यावें, मग तें दोन-तीन हजारांनीं महाग का पडेना. १५४५ सालच्या लंडनमधील कमानगर यासाठीं तासणी आणि कानस वापरीत असे.